शिवणनमुने

कापडातून वस्त्राचे निरनिराळे भाग बेतून काढण्यासाठी मार्गदर्शक म्हणून वापरण्यात येणारे कागदाचे, पुठ्ठ्याचे वा कापडाचे आकार म्हणजे शिवणनमुने होत. वस्त्राचा पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर अशा प्रत्येक भागाचा स्वतंत्र नमुना असतो. त्यावर उभ्या धाग्याची दिशा, टक्सच्या जागा, दोन भाग जुळविण्याच्या खाचा व शिलाईसाठी सोडावयाची माया या गोष्टी दर्शविलेल्या असतात. कापड सपाट असते, शरीर मात्र सपाट नसते. सपाट कापडाला शरीराची गोलाई देण्याचे गणित नमुन्यात आधीच सोडविलेले असते आणि त्यातच त्याचे महत्त्व आहे. तथापि हे गणित कोणाच्या शरीरावरून सोडविलेले आहे, हा प्रश्न शिरतो आणि शिवणनमुन्यांचा इतिहास हा बव्हंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे. प्रारंभी नमुना एका विशिष्ट व्यक्तीचा असे. पुढे तो सरासरी शरीराचा झाला आणि सर्वांच्या हाती गेला. सरासरीचा नमुना पुन्हा एका व्यक्तीच्या अंगास बसेल असा करून घेण्याचे काम मात्र घरी शिवणाऱ्या व्यक्तीकडे आले.

शिंप्यांची परंपरा : यूरोपात चौदाव्या शतकापासून अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांचा प्रसार झाला आणि त्याबरोबर कापड वक्राकार बेतण्याचे कौशल्य महत्त्व पावले. हे कौशल्य शिंप्यांच्या व्यवसायसंघांकडे असे व ते उमेदवारीच्या काळात गुरूकडून शिष्याकडे जाई. त्या काळी मजुरीच्या मानाने कापड फार महाग होते. त्यामुळे कमीत कमी कापडात वस्त्र कसे बसवावे, हा बेतणीतील मुख्य प्रश्न होता. उपलब्ध मुद्रित ग्रंथांपैकी सर्वांत जुना म्हणून परिचित असलेला हुआन दे अल्सेगा याचा स्पॅनिश ग्रंथ १५८० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या पन्ह्याच्या कापडावर झगे, अंगरखे व धर्मगुरूंची वस्त्रे यांचे भाग कसे मांडावेत, याच्या आकृत्या त्यात आहेत. तसेच एका पन्ह्याचे कापड किती लागल्यास दुसऱ्या पन्ह्याचे किती लागेल, याची कोष्टकेही दिलेली आहेत. १५८८ मध्ये सेव्हिल येथे दिएगो दे फ्रेय्ले याचा अशाच स्वरूपाचा ग्रंथ निघाला. हे ग्रंथ जाणत्या शिंप्यांसाठी होते. त्यांतील आकृत्या लहान असून विशिष्ट गिऱ्हाइकाच्या अंगास त्या कशा बसवाव्यात, हे सांगितलेले नाही. कारण तो भाग हातच्या अनुभवाचा मानला जाई.

बेतण्याचा अधिकार कोणाला, हा वादाचा विषय होता. फ्रान्समध्ये १६७५ साली चौदाव्या लूईने शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र व्यवसायसंघाची मान्यता दिली व स्त्रियांची आणि मुलांची काही वस्त्रे शिवण्याची त्यांना मुभा मिळाली. ताठ काड्या घातलेली घट्ट चोळी व दरबारी पोशाख यांची बेतणी मात्र पुरुष शिंप्यांकडेच राहिली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने हस्तव्यवसायांवर जी ग्रंथमाला प्रसिद्ध केली, तीत गार्सो याने लिहिलेला शिंपीकामावरील खंड १७६९ मध्ये निघाला. त्यात शिंप्याच्या मापनपद्धतीचे वर्णन आढळते. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी असे. छाती, कंबर, बाहीची लांबी अशी मापे त्या पट्टीवर छोट्या खाचा पाडून नोंदविली जात. आकडा लिहिला जात नसे. अशी पट्टी म्हणजे त्या एकाच व्यक्तीची खूण होती. तिची दुसऱ्या कोणाच्या मापाशी तुलना करणे कठीण होते आणि तशी गरजही कोणास भासली नव्हती.

मोजपट्टी व प्रमाणपद्धती : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंच वा सेंटिमीटर यांच्या खुणा असलेली मोजपट्टी शिंप्यांच्या वापरात आली. माप आकड्यांत आल्याबरोबर निरनिराळ्या व्यक्तींची मापे शेजारी ठेवून त्यांतील प्रमाण शोधणे शक्य झाले. छातीचे माप अमुक असल्यास खांदा, मुंढा व पाठ यांची मापे किती असावीत, हे भागाकाराने काढण्याच्या अनेक पद्धती या शतकात पुढे आल्या. हेन्री वॅम्पेन या जर्मन गणितज्ञाने १८३०–४० या दशकात लंडनमध्ये पुरुषांच्या कपड्यांच्या बेतणीला गणिती पाया देण्याचा प्रयत्न केला. पॅरिसमध्ये आलेक्सी लाव्हीन्य या शिंप्याने १८४१ साली बेतणी शिकविणारी शाळा काढली.

प्रमाणपद्धतीने बेतणीला वेग आला व तयार कपड्यांच्या धंद्याचा पाया घातला गेला. तिचे गृहीतक मात्र असे होते की, एका मापावरून उरलेले शरीर ओळखता येते. प्रत्यक्षात छाती ३६ इंच असलेल्या दोन व्यक्तींचे खांदे, पाठीची लांबी वा कंबर यांत बराच फरक असू शकतो. त्यामुळे प्रत्येक भागाचे माप प्रत्यक्ष घेऊन आखणी करण्याची पद्धत आणि प्रमाणपद्धती यांच्या पुरस्कर्त्यांत शतकभर वाद चालू राहिला.

घरगुती नमुन्यांचा प्रसार : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्त्रियांच्या नियतकालिकांतून नमुने प्रसिद्ध होऊ लागले. फिलाडेल्फियाच्या गोडीज लेडीज बुक या मासिकात लहान आकारातील आकृत्या येत. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बीटन याने १८५२ साली सुरू केलेल्या इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीन या मासिकानेही वाचकांना नमुने पुरविले. लहान आकृती मोठी करून घेणे किंवा एकावर एक छापलेल्या अनेक रेषांमधून हवी ती रेषा शोधून उतरवून घेणे, हे काम नवशिक्या स्त्रीला सोपे नव्हते. न्यूयॉर्क येथील एलेन व विल्यम डेमोरेस्ट या दांपत्याने १८६० मध्ये सुरू केलेल्या त्रैमासिकातून पूर्ण आकाराचे पातळ कागदी नमुने दिले. तथापि ते एकाच मापाचे असत.

यापुढील महत्त्वाचा टप्पा अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक (१८२६–१९०३) या शिंप्याने गाठला. आपल्या लहान मुलासाठी कपडे बेतताना हव्या त्या मापाचा नमुना मिळत नाही, अशी तक्रार त्याच्या पत्नीने केली व त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १८६३ मध्ये त्याने एकच वस्त्र अनेक चढत्या मापांत उपलब्ध करून देणारे कागदी नमुने विकण्यास सुरुवात केली. प्रथम पुरुषांच्या व मुलांच्या कपड्यांचे आणि १८६६ पासून स्त्रियांच्या कपड्यांचे नमुने निघाले. पातळ कागदामुळे ते घडी घालून टपालाने पाठविणे सोपे गेले. याच सुमारास शिवणयंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचत होते [⟶ शिवणयंत्र]. यंत्र व नमुना या दोहोंमुळे शहरातील फॅशन दूरच्या शेतवस्तीवरील स्त्रीच्याही आवाक्यात आली. १८७० मध्ये जेम्स मॅकॉल याने न्यूयॉर्कमध्ये नमुन्यांचा धंदा सुरू केला. व्होग या नियतकालिकाने १८९९ पासून आणि सिंप्लिसिटी या संस्थेने १९२७ पासून नमुने विक्रीस आणले.

आरंभीच्या नमुन्यांवर काहीही छापलेले नसे. टक्स, चुण्या, जोडाच्या जागा इ. गोष्टी निरनिराळ्या आकारांच्या छिद्रांनी व खाचांनी दर्शवीत आणि सूचना पाकिटावरील चारदोन ओळींत आटोपत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बटरिक संस्थेने सचित्र सूचनापत्रक देण्यास सुरुवात केली. १९२० च्या सुमारास मॅकॉल संस्थेने रेषा व सूचना छापलेले नमुने काढले. शिकविण्याचीही सोय होऊ लागली. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे १९१६ मध्ये मेरी ब्रुक्स पिकेन यांच्या मार्गदर्शनाखाली स्त्रियांसाठी सुरू झालेल्या संस्थेने टपालाद्वारे शिवणकाम व बेतणी यांचे पाठ दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर नियंत्रण होते. त्या वेळी जुने कपडे उसवून त्यांतून नवे बेतण्याचा प्रचार शासनानेच केला आणि घरगुती बेतणी ही चैन वा छंद न राहता गरज ठरली. युद्धोत्तर काळात प. जर्मनीतील ऑफेनबुर्ग येथे एने बुर्डा यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मासिकाने एकाच मोठ्या कागदावर अनेक नमुन्यांच्या रेषा छापून घरोघर पोहोचविल्या. या मासिकाची रशियन आवृत्ती १९८७ मध्ये सोव्हिएट रशियात निघाली. तयार कपड्यांची टंचाई असलेल्या त्या देशात तिचे मोठे स्वागत झाले.

मापांचे प्रमाणीकरण : चढत्या मापांचे नमुने काढावयाचे, तर ती मापे कोठून आणावयाची, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने प्रथम आपापल्या अनुभवाने सोडविला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने १९३९–४० मध्ये या प्रश्नाची शास्त्रीय पाहणी केली. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सात राज्ये व कोलंबिया जिल्हा येथील सु. १५ हजार स्त्रियांची वजनासह ५९ मापे घेण्यात आली. अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ छातीच्या मापावरून शरीराचा अंदाज बांधणे भरवशाचे नसून उंची व वजन यांची जोडी अधिक उपयुक्त आहे, असा त्याचा एक निष्कर्ष होता. मात्र या पाहणीत भाग घेणाऱ्या स्त्रिया स्वेच्छेने आलेल्या होत्या आणि गौरवर्णीय नसलेल्या स्त्रियांची मापे घेतली गेली असली, तरी ती हिशेबातून वगळण्यात आली. ज्या सरासरीवर पुढील प्रमाणमापे आधारली गेली, तीत देशातील अनेक स्त्रियांना स्थानच नव्हते.

या पाहणीच्या आधारे तयार झालेले व्यापारी प्रमाणमाप १९५८ मध्ये जाहीर झाले. पुढे त्यात बदल होऊन अखेर १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. शिवणनमुन्यांच्या संस्थांनी आपली स्वतंत्र कोष्टके ठेवली. त्यांत १२ क्रमांकाच्या नमुन्यासाठी छातीचे माप १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ३० इंच (सु. ७६ सेंमी.) होते, १९५६ च्या सुमारास ते ३२ इंच (सु. ८१ सेंमी.) व १९६८ च्या सुमारास ३४ इंच (सु. ८६ सेंमी.) करण्यात आले. त्यानंतर नमुन्यांचे क्रमांक जवळजवळ स्थिर राहिले. तयार कपड्यांचे उत्पादक मात्र गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून मोठ्या मापाला लहान क्रमांक देत गेले. परिणामी दुकानात ८ क्रमांकाचा झगा घेणाऱ्या स्त्रीला नमुना १४ क्रमांकाचा लागावा, असे घडू लागले. क्रमांकावर विसंबून नमुना घेणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते, ती यामुळेच.

नमुन्यातील फेरफार : छापील नमुना हा पूर्ण उत्तर नसून उत्तराचा आरंभ असतो, ही जाणीव शिवणकामाच्या पुस्तकांत उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली. मोठ्या अमेरिकन संस्थांचे नमुने स्तनांच्या ठराविक मध्यम उभाराला धरून आखलेले असतात. ज्या स्त्रीचा उभार त्याहून अधिक आहे, तिने पूर्ण छातीच्या मापावरून नमुना निवडल्यास खांदा, गळा व मुंढा हे भाग मोठे होतात. म्हणून काखेखालून छातीच्या वरच्या भागावर घेतलेल्या मापावरून नमुना निवडावा व उभारापुरती जागा नंतर वाढवावी, हा मार्ग रूढ झाला. खांद्याभोवतीचा भाग दुरुस्त करणे सर्वांत अवघड असल्याने तो प्रथम बरोबर यावा, हे त्यामागील कारण होय.

नमुन्याचे माप शरीराच्या मापाहून काहीसे अधिक असावे लागते. श्वासोच्छ्वास व हालचाल यांसाठी लागणारी ढिलाई वेगळी आणि घाटासाठी मुद्दाम ठेवलेला सैलपणा वेगळा. साध्या झग्यात छातीभोवती ५ ते ७ सेंमी. ढिलाई सामान्यतः पुरते. ही ढिलाई गृहीत धरून, माया व टक्स वजा करून नमुना मोजला, म्हणजे तो कोठे अपुरा वा अधिक आहे हे कळते.

फेरफार करताना प्रथम लांबी व नंतर रुंदी हा क्रम पाळतात. कंबर जागेवर नसेल, तर रुंदीचे माप चुकीच्या ठिकाणी घेतले जाते. लांबी वाढविण्यासाठी नमुना उभ्या धाग्याला काटकोनात कापून दोन्ही भाग दुसऱ्या कागदावर समांतर अंतरावर चिकटवितात. कमी करण्यासाठी तेथे घडी घालतात. हा फरक केवळ खालच्या कडेशी केल्यास कंबर व नितंब यांच्या गोलाया आपल्या जागी येत नाहीत. रुंदीच्या बाबतीतही बाजूच्या शिवणीत सरसकट भर घालणे योग्य नसते. जेथे शरीर अधिक उभारलेले आहे, तेथेच कापड वाढले पाहिजे. यासाठी नमुन्याला उभाराच्या टोकापर्यंत चिरा देऊन तो भाग उघडतात. त्यामुळे रुंदी व लांबी दोन्ही वाढून टक्स मोठा होतो. टक्सचे टोक उभाराकडे असले, म्हणजे त्याचे तोंड खांद्यात, काखेत वा कंबरेत कोठेही फिरविता येते. बसण्यात फरक न पडता घाट मात्र बदलतो. वाकलेल्या पाठीसाठी पाठीच्या वरच्या भागात आडवी चीर देऊन लांबी वाढवितात, तर दंड जाड असल्यास बाही उभी चिरून रुंद करतात. बाहीत बदल केल्यास मुंढ्याशी तिचा मेळ पुन्हा तपासावा लागतो. एका भागातील बदल त्याला जोडल्या जाणाऱ्या भागातही केला पाहिजे, हा या कामातील सर्वसाधारण नियम आहे.

कागदावरील दुरुस्तीची परीक्षा मांजरपाटासारख्या स्वस्त कापडावर करतात. कच्चे टाके घालून ते अंगावर चढविले, म्हणजे सुरकुत्या दोष दाखवितात. तिरप्या ओढलेल्या सुरकुत्या जेथे कापड अपुरे आहे त्या जागेकडे रोख धरतात. सैल आडव्या घड्या तेथे लांबी अधिक असल्याचे दर्शवितात. वस्त्र खुलून दिसणे हेही बव्हंशी यावरच अवलंबून असते. खांद्याची शिवण खांद्यावर, कंबर कंबरेवर आणि टक्सचे टोक उभाराच्या किंचित अलीकडे आले, तर साध्या कापडाचा कपडाही डौलदार दिसतो. त्यानंतर उभ्या शिवणींनी उंचीचा भास निर्माण करणे, कंबररेषा वर वा खाली नेणे, गळ्याचा आकार बदलणे इ. उपाय योजता येतात. विसाव्या शतकाच्या मध्यावरील अनेक इंग्रजी पुस्तकांत नमुन्यात न बसणाऱ्या शरीराचा उल्लेख ‘शरीरदोष’ असा केला जाई. पुढील पुस्तकांतून ही भाषा मागे पडली व शरीराऐवजी नमुना दुरुस्त करावयाचा असतो, हा विचार रूढ झाला.

महाराष्ट्रातील बेतणी : महाराष्ट्रात साडी, धोतर, उपरणे अशी न शिवलेली वस्त्रे प्रमुख असल्याने बेतणीचा मुख्य विषय चोळी हाच होता. खणाच्या चोळीत खणाचे काठ बाहीच्या व खालच्या कडेला यावेत, अशा बेताने कापड कापीत. तिची पुढील गाठ कमीअधिक आवळता येत असल्याने थोडाफार फरक त्यातच सामावला जाई. पिढीजात शिंपी माप घेऊन खडूने थेट कापडावर आखणी करी. कागदी नमुना त्याला लागत नसे. साडीबरोबर घालावयाच्या ब्लाउजचा प्रसार झाल्यावर अंगाबरोबर घट्ट बसणाऱ्या बेतणीचे महत्त्व वाढले. शिवणवर्गांतून छातीच्या मापाच्या अपूर्णांकांवर आधारलेल्या आखणीचे शिक्षण दिले जाऊ लागले. वहीत पाव प्रमाणात आखणी व खाकी कागदावर पूर्ण मापाचे ‘पेपर कटिंग’ असा त्याचा क्रम असतो. मुंबईतील झारापकर यांची कर्तनपद्धती या वर्गांत परिचित आहे. चार टक्सचा, कटोरी वा प्रिन्सेस कट ब्लाउज हे एकाच उभाराला आकार देण्याचे निरनिराळे मार्ग आहेत.

येथे छापील नमुन्याची जागा पुष्कळदा ‘मापाच्या ब्लाउजा’ने घेतली. अंगास नीट बसणारा जुना ब्लाउज शिंप्याकडे नमुना म्हणून देण्यात येतो. त्यात मालकिणीची मापे तर असतातच, शिवाय तिला किती घट्टपणा सोसतो हेही नोंदलेले असते. पुढे अंग भरल्यास एक शिवण उसवून तो सैल करता यावा म्हणून आत भरपूर माया ठेवण्याची पद्धत आहे. अमेरिकन नमुन्यांतील सु. १·५ सेंमी. मायेत अशा बदलास फारसा वाव राहत नाही. भारतीयांच्या शरीरमापांचे स्वतंत्र कोष्टक नसल्याने तयार कपड्यांच्या धंद्यात परदेशी मापांचाच आधार घेतला जाई. ही उणीव दूर करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत मुंबईसह सहा शहरांतील २५,००० व्यक्तींची मापे घेण्याची पाहणी हाती घेण्यात आली; तिला २०१८ मध्ये मान्यता मिळाली होती.

अलीकडील प्रवाह : विसाव्या शतकाच्या अखेरीस एकाच कागदावर अनेक मापांच्या रेषा छापण्याची प्रथा रूढ झाली. त्यामुळे छातीला एक व नितंबांना दुसरे माप घेऊन मधील रेषा जोडणे सोपे झाले. एकविसाव्या शतकात संगणकावरून मिळणारे व घरी छापता येणारे नमुने आले. उभाराच्या निरनिराळ्या मापांसाठी वेगळे पुढचे भाग देणारे नमुनेही मिळू लागले. व्यक्तीची मापे भरून घेऊन त्यांवरून नमुना आखणाऱ्या संगणकीय प्रणाली उपलब्ध झाल्या. कागदाच्या पट्टीवर एका गिऱ्हाइकाच्या मापांच्या खाचा पाडणाऱ्या शिंप्याच्या पद्धतीशी त्यांचे साम्य लक्षणीय आहे. तरीही यंत्राने आखलेला नमुना अंगावर चढवून पाहावाच लागतो; कारण दोन खांद्यांतील उंचसखलपणा, बसण्याउठण्याची सवय वा पाठीचा बाक मोजपट्टीत सहसा येत नाही.

जुने नमुने आता अभ्यासाचे साधन झाले आहेत. इंग्लंडमध्ये जॅनेट आर्नल्ड (१९३२–९८) यांनी जतन केलेल्या ऐतिहासिक वस्त्रांवरून नमुने आखून वेशभूषेच्या इतिहासाला भक्कम आधार दिला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात व्यापारी शिवणनमुन्यांचा मोठा संग्रह आहे. वापरलेल्या जुन्या नमुन्यांवर टाचण्यांची छिद्रे, पेन्सिलीच्या रेषा, जोडलेल्या पट्ट्या व घातलेल्या घड्या आढळतात. छापील रेषेवरून त्या काळची फॅशन कळते. तर या खुणांवरून ती फॅशन आपल्या अंगास बसविणाऱ्या, इतिहासात नाव न राहिलेल्या स्त्रियांचे शरीर व कौशल्य यांची माहिती मिळते.